अलकापुरीतली खानगी

बडोद्याला जायचं कारण एका डॉक्टरांच्या वाक्यातून निघालं. बाबांच्या तपासण्या झाल्या होत्या. स्मृती विरळ होत चालली आहे हे त्यांनी शांतपणे सांगितलं आणि पुढे म्हणाले, "नवं आधी जाईल. जुनं बराच काळ टिकेल. त्यांच्याशी जुन्याबद्दल बोलत जा."

सल्ला बरोबर होता. अडचण अशी की बाबांच्या जुन्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

बाबा बडोद्यात वाढले, शिकले, नोकरीसाठी पुण्याला आले आणि परत कधी गेले नाहीत. आजी-आजोबा माझ्या जन्माआधीच वारले. बाबांना भावंडं नाहीत. लहानपणी मी विचारायचे, "बाबा, तुम्ही कुठे राहायचात? आजोबा काय करायचे?" बाबा कमी बोलतात आणि शब्दाचा शेवट गिळतात. दोन्हीला उत्तर यायचं, "खानगी". पुढे काही नाही. आई पुण्याची. ती मला बाजूला घेऊन सांगायची, "गुजरातीत खासगीला खानगी म्हणतात. त्यांना नाही सांगायचं, तर नको विचारूस." मी विचारणं थांबवलं. आमच्या घरात बोलायचं काम आईकडे होतं. ती गेल्याला आता दोन वर्षं झाली, आणि बाबा नि मी एकमेकांशी औषधं, भाजी आणि गिझर एवढ्याच विषयांवर बोलतो.

एक धागा होता. टीव्हीवर कधी बडोद्यात पाणी भरल्याची बातमी लागली की बाबा म्हणायचे, "अलकापुरीचं गरनाळं भरलं असेल." अलकापुरी म्हणजे बडोद्यातली श्रीमंत वस्ती, संस्थानिकांच्या काळात आखलेली, बंगल्यांची. त्यावरून आईच्या माहेरी एक गोष्ट तयार झाली होती: यांचा अलकापुरीत बंगला होता, तो काहीतरी लाजिरवाण्या कारणाने गेला, म्हणून जावई गप्प. शैलामावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तर खात्रीने सांगायची, "सट्ट्यात गेला असणार. गुजरातेत आणखी कशात जातो?"

मी नकाशे बनवते. ड्रोनने टिपलेल्या जमिनीच्या प्रतिमा घेऊन त्यावर हद्दी, रस्ते, उंचसखलपणा बसवणं हे माझं काम. गेलेला बंगला शोधणं माझ्या आवाक्यातलं होतं. तो सापडला, तर निदान कशाबद्दल गप्प राहायचं हे तरी कळेल, आणि बाबा माझ्या हाताबाहेर जाण्याआधी आमच्यात बोलण्यासारखी एक गोष्ट असेल, असा हिशेब मी केला. शैलामावशी बाबांजवळ राहायला आली. निघताना बाबांना सांगितलं, "बडोद्याला जातेय."

"कशाला?" ते म्हणाले.

"फिरायला."

"उन्हाळ्यात जाऊ नकोस," ते म्हणाले. जानेवारी चालू होता.

पोचणं आणि पहिली सकाळ

पुण्याहून बडोद्याला संध्याकाळी निघून सकाळी पोचवणाऱ्या गाड्या आहेत. तिकीट आधी काढा, संक्रांतीच्या आसपास तर महिनाभर आधी; तिथे उत्तरायण हा पतंगांचा मोठा सण आहे आणि अर्धं गुजरात घरी परततं. मी सण संपल्यावर गेले. शहरभर झाडांत आणि तारांत फाटके पतंग अडकले होते, आणि रिक्षावाला मान तिरकी करून लोंबत्या मांज्याखालून रिक्षा काढत होता.

राहायची सोय अकोट्यात केली होती. अकोटा हा नदीपलीकडचा, राहत्या माणसांचा भाग. हॉटेलांपेक्षा शांत आणि स्वस्त. घरमालकीण कुमुदबेन. खालचा दूधवाला त्यांना कुमुदबेन म्हणत होता, म्हणून मी त्यांना गुजराती समजून हिंदीत सुरुवात केली. त्यांनी माझं आधारकार्ड पाहिलं, नाव वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, मराठीच ना तू? मग हिंदी कशाला झोडतेस? वरची खोली फावेल ना तुला? गरम पाणी सकाळी येतं, नंतर नाही."

त्यांची मराठी आमच्यासारखीच होती, फक्त मधूनमधून दुसऱ्या घरचे पाहुणे यावेत तसे गुजराती शब्द येत. फावेल म्हणजे जमेल, चालेल. वापरून पाहिला, चांगला शब्द आहे. मी त्यांना काकू म्हणायला लागले. त्या निवृत्त शिक्षिका, यजमान नाहीत, मुलगा ऑस्ट्रेलियात. एवढं त्यांनी पहिल्या चहात सांगून टाकलं. मी काय सांगितलं ते आठवलं तर एवढंच: पुणे, नोकरी, एकटी आले.

"एकटी? आणि बघायला काय आलीस? राजवाडा?"

"अलकापुरी."

"अलकापुरीत काय बघायचंय? चपला?" त्या हसल्या. "सगळी दुकानंच आहेत गं आता."

अलकापुरी, एकटीने

बडोद्याचं जुनं शहर आणि अलकापुरी यांच्यामध्ये रेल्वे आहे. स्टेशनाच्या पुढच्या बाजूने आलात तर रुळांखालचा बोगदा ओलांडून जावं लागतं. तेच गरनाळं. उतार, अंधार, हॉर्न, पुन्हा चढ, आणि वर आलं की रस्ता एकदम रुंद होतो. हा बदल डोळ्यांना जाणवावा म्हणून तरी अलकापुरीत चालत शिरा. रिक्षाने गेलात तर निसटेल.

राजवाडा अनेकांच्या यादीत असतो. तो सोमवारी बंद असतो, हे दारात जाऊन कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मी मात्र वस्ती पाहायला आले होते, आणि वस्ती वाचायची माझी पद्धत वेगळी आहे. इमारती खोटं बोलतात, त्या दर तीस वर्षांनी बदलतात. झाडं, उतार आणि रस्त्याची वळणं सहसा बदलत नाहीत. अलकापुरीत काचेच्या दर्शनी भागांमागे जुने कडुनिंब एका ओळीत उभे आहेत, आणि ही ओळ आजच्या कुठल्याही कुंपणाशी जुळत नाही. म्हणजे कधीतरी तिथून एक वाट जात होती. काही गल्ल्या उगाच वाकतात, जणू मधे एखादी मोठी गोष्ट होती आणि तिला वळसा घालायची सवय रस्त्याला अजून सुटलेली नाही. जवळच्या एका भागाला आजही रेसकोर्स म्हणतात, तिथे ना घोडे आहेत ना मैदान.

मुळात ही सगळी जमीन राजघराण्याशी बांधलेली. महाराजांच्या काळात स्टेशनापलीकडच्या मोकळ्या भागात बंगले उभे राहिले, नातलगांसाठी, अधिकाऱ्यांसाठी. नाव दिलं अलकापुरी, कुबेराची नगरी. संस्थान गेलं, मोठ्या जागांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर सोसायट्या आल्या, आता सोसायट्यांच्या जागी दवाखाने, शिकवण्या, दागिन्यांची दालनं. काही जुने बंगले अजून आहेत. खोल व्हरांडा, व्हरांड्यात कड्यांचा झोपाळा, आणि फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत पहारेकरी.

अशाच एका बंगल्याचा मी रस्त्यावरून फोटो घेत होते.

"फोटो नहीं, बेन," पहारेकरी उठून आला. "खानगी छे."

मी कॅमेरा खाली केला. त्याने बोट दाखवलं तिकडे फाटकावर पाटी होती. मला गुजराती अक्षरं हळूहळू लागतात, पण हा शब्द लगेच लागला. खानगी. मग तो सगळीकडे दिसायला लागला. खानगी पार्किंग. खानगी रस्ता. खानगी मिलकत, आत येण्यास मनाई. मी दुपारभर त्या वस्तीत फिरले आणि प्रत्येक फाटकावर बाबांनी दिलेलं उत्तर लिहिलेलं होतं.

एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर जमीनजुमल्याच्या दलालाचं ऑफिस होतं. बाहेर चहा पीत उभ्या असलेल्या मुलीला मी विचारलं, या भागात पूर्वी कोणते बंगले होते याची माहिती कोणाकडे मिळेल.

"पूर्वी म्हणजे?" ती हिंदीत म्हणाली. "मॉलच्या आधी?"

"संस्थानाच्या काळात. राजांच्या."

"हां, रॉयल!" ती खुलली. "आमच्याकडे दोन आहेत. एक रॉयल हाइट्स, एक राज पॅलेस. दोन्हीला दोन-दोन पार्किंग. तुम्हाला भाड्याने की विकत?"

तिची चूक नव्हती. मी आभार मानले. कोपऱ्यावर सेव-उसळ खाल्ली. बडोद्यात आलात आणि ही खाल्ली नाही असं करू नका. वाटाण्याची उसळ, वर शेवेचा ढीग, कांद्याची पात आणि वेगळ्या वाटीत लाल तर्री, जी आधी चमच्याच्या टोकाने चाखून मगच ओता. मी ओतून मग चाखली. डोळ्यांत पाणी आलं, त्याला तर्री हे एक सभ्य कारण होतं.

संध्याकाळी मावशीचा फोन. "सापडला का बंगला?"

"नाही. शंभर ठिकाणी असू शकतो."

"तुझे बाबा दुपारपासून विचारतायत, ती कुठे गेली? मी सांगते बडोद्याला. ते म्हणतात, अच्छा. पुन्हा थोड्या वेळाने, ती कुठे गेली? अगं, ते नाव घेत नाहीत गं तुझं. 'ती' म्हणतात."

"नावाने हाक त्यांनी कधी मारली?" मी म्हणाले. ते खरं होतं. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खोलीतल्या पंख्याच्या पात्यांकडे बघत राहिले. पंखा बंद होता.

दुसऱ्या दिवशीचा नाश्ता

काकूंनी लीलो चिवडा काढला होता. हा बडोद्याचाच; बटाट्याचा कीस, हरभऱ्याची डाळ, तिखट-गोड-ओलसर. घरी न्यायचा असेल तर निघायच्या दिवशी घ्या, फार टिकत नाही.

"काय मग, झाली का अलकापुरी बघून?"

"झाली. काही कळलं नाही."

"काय कळायचं होतं?"

मी सहसा अशा प्रश्नांना वळसा घालते. पण नाश्त्याच्या टेबलावर आम्ही दोघीच होतो, आणि मी उद्या जाणार होते. मी म्हणाले, "माझे बाबा इथे वाढले. त्यांचं घर शोधतेय."

"मग आधी नाही सांगायचं? अलकापुरीत घर म्हणजे मोठी माणसं तुम्ही!" त्यांनी माझ्या ताटलीत आणखी चिवडा वाढला. "आम्ही बापडे साधे. माझे सासरे खानगीत होते."

मी चमचा खाली ठेवला. "कशात?"

"खानगीत."

"म्हणजे खासगी नोकरीत?"

"खासगी कसली? खानगीत, खानगी खात्यात. राजवाड्याचं सगळं घरकाम, जामदारखाना, मुदपाकखाना, फरासखाना, बागा, घोडे, ते सगळं खानगी खातं बघायचं. सरकारी वेगळं, खानगी वेगळं. बडोद्यात कुणी म्हटलं ना की आम्ही खानगीतले, की सगळ्यांना कळायचं, राजवाड्याची माणसं." त्या चहा गाळत बोलत होत्या. "राहायलाही खानगीतच होतो आम्ही. अलकापुरीच्या मागच्या अंगाला ओळीने खोल्या होत्या नोकरमाणसांच्या. मी लग्न होऊन आले ती खानगीत."

"त्या जागेला काय म्हणायचे?"

"सांगितलं ना गं. खानगी! पत्ता विचारला की तेच सांगायचं. कुठे राहता? खानगीत."

एक 'त'. शब्दाच्या शेवटी येणारा, बाबा गिळायचे तो. सप्तमीचा प्रत्यय. पुण्यातल्या आमच्या घरात तो कधी ऐकू आला नाही, आणि आईने मोठ्या विश्वासाने उरलेल्या शब्दाचं भाषांतर केलं. मी विचारत होते, कुठे राहायचात. बाबा सांगत होते, कुठे राहायचो ते. मी विचारत होते, आजोबा काय करायचे. त्यालाही त्यांनी नेमकं उत्तर दिलं होतं. एकाच शब्दात, दोन्ही वेळा.

"काय झालं गं?" काकू म्हणाल्या. "तिखट लागलं?"

"नाही," मी म्हणाले. "फावलं."

दिनूभाऊजी

काकूंनी त्यांच्या दिरांना फोन केला. दिनूभाऊजी ऐंशीच्या पुढचे, उंच, पांढरा सदरा, पायात पळायचे बूट. ते कारेलीबागेतून रिक्षाने आले आणि आल्याआल्या वहिनीला म्हणाले, "वहिनी, मला वाटलं जेवायला बोलावलंय."

"आधी खानगी दाखवा, मग जेवण."

"म्हणजे अजूनही खानगीचं काम केल्याशिवाय जेवण नाहीच!"

आम्ही तिघं एका रिक्षात बसून निघालो. भाऊजी रस्ताभर माझ्या आजोबांची चौकशी करत होते. मला माहीत होतं ते फार थोडं होतं: त्यांना अप्पा म्हणत.

"अप्पा? अगं, खानगीत पाच-सहा अप्पा होते. एक अप्पा दूधवाले, एक अप्पा बग्गीखान्यातले, एक नुसतेच अप्पा. कुठल्या खात्यात?"

"माहीत नाही. बाबा एकदा म्हणाले होते, त्यांचे हात कायम धुळीने भरलेले असायचे."

"हां, मग फरासखाना. गालिचे, तंबू, बिछायती, पडदे. दरबार भरायचा असला की फरासखाना, लग्न असलं की फरासखाना, कुणी गेलं तरी फरासखाना. अगं, कुबेराच्या नगरीचं सगळे बोलतात. कुबेर बसायचा कशावर? गादीवर. ती झटकायचं कुणी? आम्ही!"

"तुम्ही काय झटकलीत?" काकू म्हणाल्या. "तुम्ही शाळा बुडवून लोळत होता त्याच्यावर."

रिक्षा एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत थांबली. पुढून त्याला काच आणि कारंजं होतं. मागे सिमेंटचं अंगण, गाड्या लावायच्या पांढऱ्या रेघा, एक जनरेटर. माणसांची वर्दळ नव्हती. आत शिरताना पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा भाऊजी त्याला गुजरातीत म्हणाले, "भाई, मी इथे जन्मलो. तुला दाखवू कुठे?" तो हसून बाजूला झाला.

"इथून," भाऊजी जनरेटरपाशी उभे राहिले, "ते तिथपर्यंत." त्यांनी हात लांब केला. "ओळीने खोल्या. पुढे ओटा, सगळ्यांचा मिळून एक. विहीर तिकडे, ती रुग्णवाहिका उभी आहे ना तिथे. बुजवली. आणि हे पटांगण गालिचे झटकायचं. दरबारातले गालिचे इथे दोरावर टाकायचे आणि वेताच्या छड्यांनी झोडायचे. अशी धूळ उडायची की आया ओरडायच्या, आमची धुणी! झोडून झालं की गालिचे उलटे पसरायचे उन्हाला. मग आम्ही पोरं त्यावर लोळायचो. उलट्या बाजूनेच हं. सुलट्या बाजूला पाय लावायची सोय नव्हती. पाठीला गाठी टोचायच्या."

मी जमिनीकडे पाहिलं. सिमेंट अगदी सपाट होतं, पण रुग्णवाहिकेखाली एका जागी गोल खळगा बसला होता, आणि त्याभोवती भेगा. बुजवलेली विहीर वर्षानुवर्षं खाली बसत राहते. तो खळगा मी न विचारता ओळखला असता. बाकीचं काहीच नाही.

"माझे बाबा तुम्हाला आठवतात?" मी त्यांचं नाव सांगितलं.

भाऊजींनी प्रयत्न केला. डोळे मिटले, उघडले. "नाही गं. खोटं कशाला सांगू? पोरं फार होती."

"लोक गेले कसे इथून?" मी विचारलं. "कुणी काढलं?"

"काढलं कुणी नाही. राजांचे तनखे बंद झाले, खानगी आटली. कुणाची बदली, कुणाची निवृत्ती. मागची एकेक ओळ रिकामी होत गेली. लग्नाच्या पंगतीतून माणसं उठावीत तसं. आधी एक उठतो, मग बाजूचा म्हणतो, चला, मीही उठतो. शेवटी वाढपी उभे. तुझे बाबा लवकर उठले असणार." मग ते म्हणाले, "बंगलेवाल्यांचं नाव राहिलं. रस्त्यांना, सोसायट्यांना. आमचा शब्द राहिला, तोही पार्किंगच्या पाटीवर."

काकू त्यांना म्हणाल्या, "चला आता, ऊन लागतंय. या पोरीने काही खाल्लेलं नाही."

मी मावशीला फोन लावला. "बाबा जागे आहेत?"

"झोपलेत. काय सांगू उठल्यावर? सापडला का बंगला?"

क्षणभर वाटलं, सांगावं. मग नको वाटलं. आमच्या घरात मधल्या माणसाने निरोप पोचवायचा प्रकार एकदा होऊन गेला होता. "येऊन सांगते," मी म्हणाले.

दुपारी काकूंकडे उंधियो होता, भाऊजींनी तो दोनदा घेतला आणि वहिनीला पुन्हा टोमणा मारला. त्या दोघांच्या बोलण्यात माझी अडचण होत नव्हती, माझी गरजही नव्हती. इतक्या मोठ्या गावात बाबांना ओळखणारं कुणी निघालं नाही. ज्यांच्या ओट्यावर ते वाढले असतील, त्यांतल्या एकालाही ते आठवत नव्हते. ते आठवणारी जगात मी एकटीच उरले होते, आणि मला ते आई आल्यानंतरचे तेवढेच माहीत होते.

निघताना काकूंनी शेवटच्या दिवसाचं भाडं घ्यायला नकार दिला. मी आग्रहाने दिलं. "तू खानगीतली," त्या म्हणाल्या. "बरं, घेते. पण पुढच्या वेळी बाबांना घेऊन ये." मी हो म्हणाले.

घरी

तुम्ही अलकापुरीला जाणार असाल तर सकाळी जा, दुकानं उघडायच्या आत. तेव्हा झाडांच्या ओळी दिसतात. बंगले पाहा, सुंदर आहेत. मग कुठल्याही मोठ्या इमारतीच्या मागच्या अंगाला जा. राजाने वसवलेल्या वस्तीला मागची बाजू असतेच. तिची पाटी कुठे लावलेली नाही. या सहलीतून माझ्याकडे काय आलं ते मोजायला बसले तर एक शब्द, एक प्रत्यय आणि जमिनीतला एक खळगा. नकाशावर बसवण्याइतकंही नाही.

घरी पोचले तेव्हा बाबा सोफ्यावर पेपर घेऊन बसले होते. पेपर कालचा होता. मावशी स्वयंपाकघरात. मी बॅग दारात ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बाबा, खानगीत जाऊन आले."

पेपर खाली आला.

"खानगीत?" शेवटचा 'त' या वेळी मला ऐकू आला.

"हो. विहीर बुजवलीय. पटांगणात आता गाड्या लावतात."

"पटांगणात?" ते म्हणाले. "मग गालिचे कुठे टाकतात?"

त्यांना उत्तर नकोच होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली होती. दोर कसे बांधायचे, वाऱ्याची दिशा आधी बघायची, नाहीतर धूळ सगळी खोल्यांत. एकदा एक मोठा गालिचा गुंडाळताना ते आतच झोपी गेले होते, आणि सगळी खानगी त्यांना विहिरीत शोधत होती. अप्पांनी गळ टाकला होता. त्यांची आई ओट्यावर बसून रडत होती. मग गालिच्यातून शिंक आली. बाबा हसले. मी त्यांना इतकं सलग बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. मधे ते म्हणाले, "रडू नको म्हटलं तर आईला ते फावेना," आणि हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मावशी हातात झारा घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. मावशीने केलेला चहा गार झाला, तो कुणी प्यायला नाही.

मग ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. नीट, सावकाश, परक्या माणसाकडे अदबीने पाहावं तसं.

"तू खानगीत कुणाची गं?"

मावशीचा झारा खाली आला. "अहो, असं काय करता, ही तुमची..."

मी तिला हाताने थांबवलं.

"फरासखान्यातल्या अप्पांची," मी म्हणाले. "नात."

बाबांनी विचार केला. मग पेपर उचलून त्याची घडी केली आणि सोफ्यावर सरकून बाजूला जागा केली.

"अप्पांची? मग आपल्यातलीच की," ते म्हणाले. "बस ना. उभी का?"

मी बसले.